खडकवाडीची नदी

संध्या पाईकराव पहिल्यांदा माझ्या दारात आली ती मॉनिटर छातीशी धरून. न्हाऊ घातलेलं लेकरू गुंडाळावं तसा तिनं तो चादरीत गुंडाळला होता. मागे तिचे वडील सोनाजी, डोक्यावर दुसरं खोकं घेऊन. हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. कचेऱ्या आल्या होत्या, भाडी चढली होती, पण माझ्या घराची रस्त्याकडची खोली रिकामीच होती. नाटकात काम केलेल्या बाईच्या घरी बिऱ्हाड करायला लोक कचरत.

"मावशी, खोली द्यायची हाय म्हणं?" सोनाजींनी विचारलं.

"द्यायची हाय. पण खोक्यात काय हाय ते आधी सांगा."

"कॉम्प्युटर. क्लास काढायचा हाय पोरीला."

"आवाज करतो का लई?"

"न्हाई मावशी," संध्या म्हणाली. "तुमच्यापेक्षा कमीच करतो. बाळापूरच्या बाजारात तुमचं नाटक बघितलं होतं मी, बाबांच्या खांद्यावर बसून. तुमी राजाला रागवल्या, तर मी रडले होते."

ज्या मुलीला मी नव्वदच्या सुमारास रडवलं, तीच पुढं मला पोट धरून हसवणार होती, हे तेव्हा कुठं ठाऊक? मी किल्ली दिली. नटीला प्रेक्षक भेटला की तिचं भाडं ठरवण्यात लक्ष राहत नाही.

पाईकराव मंडळी आखाडा बाळापूरची. सोनाजींची रस्त्याच्या कडेला रेडिओ दुरुस्तीची टपरी होती. संध्याची आई लक्ष्मीबाई हंगामात कुरुंद्याकडं हळद काढायला, शिजवायला जाई. फाल्गुनात ती घरी आली की तिच्या पदराला हळदीचा वास येतो, असं संध्या सांगे. ही पोर उघड्या पडलेल्या रेडिओंमध्ये वाढली. लहानपणी एकदा तिनं बापाला विचारलं होतं, "बाबा, बातम्या सांगून राहिला ह्यो, पण त्याला कळतात का?" सोनाजी म्हणाले होते, "त्याला काय कळतंय? ह्यो नुसता बोलतो." बाप ते बोलणं विसरला. पोर विसरली नाही. ती नांदेडला कॉम्प्युटर शिकली, एम.एस्सी. झाली, आणि परत येऊन माझ्या खोलीत क्लास काढून बसली.

दिवसा ती पोरापोरींना टायपिंग शिकवायची. संध्याकाळी क्लास सुटला, आणि नशिबानं वीज असली, की तिचं खरं काम सुरू व्हायचं. लोडशेडिंगचे दिवस होते. वीज आली की आम्ही दोघी एकदमच उठायचो: मी पाण्याची मोटर लावायला, ती यंत्राला वाचायला बसवायला.

"वाचतंय म्हणजे करतंय काय गं?" मी एकदा विचारलं. पडद्यावर नुसत्या ओळी पळत होत्या.

"मी त्याला आधी चार गावांची नावं सांगितली, मावशी. कुरुंदा, बाळापूर, औंढा, कळमनुरी. मग ते इंटरनेटवरची पानं चाळतं. 'कुरुंदा या गावात' असं चार ठिकाणी दिसलं की ते धरतं, 'या गावात'च्या आधी येतं ते गाव. मग कुठं 'वारंगा या गावात' दिसलं की वारंगा हे नवं गाव शिकतं. मी न सांगता."

"आणि चुकलं तर?"

"चुकतंच. म्हणून एकदा दिसलेलं ते नुसतं टिपून ठेवतं. वेगवेगळ्या पानांवर पुन्हा पुन्हा दिसलं, तरच पक्कं मानतं."

"म्हणजे गावातल्या बातमीसारखं. एकीनं सांगितलं तर चहाडी, दहाजणींनी सांगितलं तर खरं."

"बराबर," ती हसून म्हणाली. "बराबर तसंच."

अडचण अशी होती की त्या वेळी इंटरनेटवर मराठीच फार थोडी होती. वर्तमानपत्रं होती, पण प्रत्येकाचा फाँट वेगळा. आपल्याला अक्षरं दिसायची, यंत्राला आतून नुसता कचरा दिसायचा. आमच्या जिल्ह्याविषयी तर जवळजवळ काहीच नव्हतं. औंढ्याच्या नागनाथाची दोन-चार पानं, बस्स.

संध्या नांदेडला असताना तिथं पुण्याच्या एका संस्थेतले सर व्याख्यानाला आले होते. यंत्रानं माणसासारखं वाचून ज्ञान कसं गोळा करावं, हाच त्यांचा विषय. संध्यानं त्यांना विचारलं होतं, "सर, मराठीत?" ते म्हणाले होते, "मराठीत वाचायला पानं कुठं आहेत?" तरी ही त्यांना मेल करत राहिली, आणि शेवटी त्यांचा फोन आला. महाशिवरात्रीनंतर गर्दी ओसरली की ते पत्नीसह औंढ्याला दर्शनाला येणार होते, आणि परतताना हिंगोलीत थांबणार होते. त्यांच्याकडं एकाच मदतनिसाची जागा होती. एक मुलगा इंग्रजीत हेच काम करत होता. मराठी यंत्र खरोखर काही शिकतं हे त्यांना पटलं तर ती जागा संध्याला, नाहीतर त्या मुलाला.

तिनं मला हे सांगितलं तेव्हा ती माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती, आणि भाकरी हातातच राहिली होती. "मावशी, टायपिंग शिकवायला माझी ना न्हाई. पण हे काम हिंगोलीत एकटीनं न्हाई व्हायचं." तिला काय हवं होतं ते मला नीट कळलं. मीही एकेकाळी नाटक कंपनीच्या बैलगाडीमागं चालत गेले होते.

यंत्राला मराठी पानं हवीत, तर पानं तयार करायची, असं तिनं ठरवलं. क्लासच्या पोरापोरींना तिनं काम दिलं: आपापल्या गावाविषयी एक पान टाइप करा. सराव तुमचा, वाचन यंत्राचं. सगळी पानं तिनं एका ब्लॉगवर चढवली. पोरं ईर्ष्येनं लिहू लागली, आणि यंत्र वाचून गलेलठ्ठ होऊ लागलं. रोज शेकडो नव्या गोष्टी, आणि बहुतेकांपुढं शब्द: 'खात्री पक्की'. संध्यानं आनंदानं सरांना कळवलंही.

सर यायच्या आदल्या आठवड्यात मी क्लासमध्ये डोकावले. म्हटलं, तालीम तरी बघू. "विचार गं त्याला काहीतरी. ही सीमा कुठली? खडकवाडीची ना? मग खडकवाडी विचार."

सीमा औंढ्यापलीकडच्या माळावरची. तिचे आजोबा नामाजी मेंढरं राखत. ती हिंगोलीत मामाकडं राहून शिकत होती. संध्यानं बटन दाबलं आणि पडद्यावर ओळी उमटल्या. मी त्या रंगमंचावरच्या आवाजात वाचल्या:

"खडकवाडी. गाव. छोटेसे, सुंदर. नदी: आहे, गावाजवळून झुळझुळ वाहते. पाणी: स्वच्छ. झाडी: हिरवीगार. लोक: गुण्यागोविंदाने राहतात. खात्री: पक्की."

सीमा ओढणी तोंडात कोंबून हसत होती.

"काहून हसून राहिलीस गं?"

"मावशी, आमच्या खडकवाडीला नदी न्हाई."

"मग ही कुठून आली?"

"मीच लिवली. निबंधात नदी लागतीच ना! चौथीत बाईंनी सांगितलं होतं, 'माझे गाव' आला की पहिल्यांदा नदी, मग झाडी, मग मंदिर."

"माझ्याबी गावाला न्हाई," मागून एक पोरगं म्हणालं.

"आमच्यात नाला हाय. पण त्याला पावसाळ्यातच पाणी."

"आमच्यात नुसता पूल हाय!"

सगळा क्लास हसत सुटला. मीही हसले. मग संध्याकडं पाहिलं आणि हसू गिळलं. सगळ्या जिल्ह्यातल्या पोरांनी एकच निबंध पाठ केला होता, आणि तोच लिहिला होता, नुसती गावाची नावं बदलून. इतक्या पानांवर तेच दिसल्यावर, गाव म्हटलं की नदी असतेच असं धरण्याशिवाय यंत्र तरी काय करणार? त्यानं माळरानावर गावोगाव नद्या वाहवल्या होत्या, आणि प्रत्येकीपुढं 'खात्री पक्की' लिहिलं होतं.

संध्याकाळी सोनाजी आले. सगळं ऐकून त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"आगं, पुण्याच्या सरांना काय म्हाईत, खडकवाडीला नदी हाय का न्हाई? दाखव की हाय तसंच."

"बाबा, आतली तार तुटलेला रेडिओ नुसता पुसून दिलाय का तुमी कुणाला?"

"न्हाई."

"मग?"

सोनाजींनी स्टूल ओढून घेतलं. मग म्हणाले, "पूस मग सगळं. मी बसतो संगं."

तिनं सगळे निबंध काढून टाकले, आणि त्यांतून यंत्र जे काही शिकलं होतं तेही. माझ्या डोळ्यांसमोर ते यंत्र वाळत गेलं. उरली चार गावं, थोडी नावं, नागनाथाचं देऊळ. बाप शेजारी स्टुलावर बसून होता.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. नामाजी आणि त्यांची बायको चंद्रभागाबाई नातीला भेटायला आले आणि माझ्या ओसरीवर टेकले. मी चहा दिला. बोलता बोलता, काही कारण नसताना, मी म्हटलं, "नामाजी, माझ्या भाचीला तुमच्या वाडीतलं एक स्थळ सांगून आलंय. द्यावी का पोर?"

म्हातारा ताठ झाला. बशी खाली ठेवली.

"मावशी, पोरगी द्यायची म्हणता तर आधी सांगून ठेवतो. पाणी लांब हाय. गावातली हीर माघातच आटती. मग टेकडीखालच्या हिरीवर जावं लागतं, येताना चढ हाय. उन्हाळ्यात टँकर येतो. आला तर येतो."

"आन येष्टी वाडीत येत न्हाई," चंद्रभागाबाई म्हणाली. "फाट्यावर उतरायचं. शाळा चौथीपस्तोर. पण लोकं चांगले हायत. सुनंला मारझोड करणारं घर न्हाई आमच्यात एकबी."

"एक हाय," नामाजी म्हणाले.

"ते आता सुधरलं!"

आमच्याकडची ही रीत फार जुनी आहे. घराविषयी माणूस फुगवून सांगेल, जमिनीविषयी सांगेल, नवऱ्या मुलाच्या पगाराविषयी तर सांगेलच. पण मुलगी द्यायला आलेल्या माणसाला पाण्याचं कुणी खोटं सांगत नाही. ती घागर उद्या त्या लेकराच्या डोक्यावर येणार असते. पुढं उणं निघालं तर सांगणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

मी वळून पाहिलं तर संध्या क्लासच्या दारात उभी होती. हातातला खडू तसाच.

"मावशी," ती म्हणाली, "हेच. असंच विचारा. सगळ्यांना विचारा."

"कुणाला सगळ्यांना?"

"बाजाराला आलेल्या सगळ्यांना. तुमी पोरीची मावशी व्हा. बाबांचा टेपरेकॉर्डर ठेवते. पोरं ऐकून टाइप करतील, जसं बोलले तसं. एकाच गावच्या दोघातिघांना वेगवेगळं विचारायचं. म्हणजे जुळतं का ते यंत्राला कळंल."

आणि मग, वाचकहो, पडदा वर गेला! ट्रंकेतली जरीची साडी निघाली. मी ओसरीवर पाट मांडला, पुढं पानाचा डबा ठेवला, आणि मुलीची खाष्ट मावशी होऊन बसले. सोनाजी विंगेत, म्हणजे दाराआड, टेपरेकॉर्डर सांभाळत. सीमा रस्त्यावरून माणसं हाक मारून आणत होती: "या, या, मावशीला पोर द्यायची हाय!" हे यंत्रासाठी चाललंय, भाची-बिची कुणी नाही, हे प्रत्येकाला आधी सांगत होतो. ऐकून लोक हसायचे. पण मी एकदा का भुवई वर करून "पाणी कुठून आणता?" म्हटलं की हसू विरायचं आणि माणूस खरं बोलायला लागायचा. नाटक आहे हे माहीत असूनही त्यांना पाण्याचं खोटं बोलवेना. टाळ्या मी पुष्कळ घेतल्या आहेत. पण समोरचा प्रेक्षकच भूमिकेत शिरलाय, असं मी त्या ओसरीशिवाय कुठंही पाहिलं नाही.

पोरांनी सगळं टाइप केलं, ब्लॉगवर चढवलं, आणि यंत्र वाचायला बसलं. काहीच शिकेना. त्याला 'आहे' कळत होतं, 'हाय' कळत नव्हतं. 'पस्तोर' म्हणजे काय, 'येऊन राहिला' म्हणजे राहायला आला की नुसता आला, सगळाच अंधार. दुसरी एखादी असती तर तिनं पोरांना सांगितलं असतं, शुद्ध करून लिहा. संध्या म्हणाली, "त्यांनी काहून बदलावं? शिकायचं तर यंत्राला हाय." वीज असेल तेव्हा यंत्रावर, नसेल तेव्हा पाटीवर, ती आमच्या बोलीच्या जोड्या जुळवत बसली. हाय म्हणजे आहे. न्हाई म्हणजे नाही. हीर म्हणजे विहीर.

मी शेजारी बसून तिला शब्द पुरवत होते, आणि माझ्या मनात काय चाललं होतं ते तिला सांगता येईना. कंपनीत शिरले तेव्हा आमचे दिग्दर्शक म्हणाले होते, "मिरा, ही भाषा विंगेत काढून ठेवायची. चपलेसारखी." राणी शुद्ध बोलायची. आमच्यासारखं बोलायचा तो नोकर, नाहीतर दारुडा, आणि तो आला की लोक हसायचे. मी ती भाषा इतकी वर्षं विंगेत ठेवली की घरीसुद्धा चोरून बोलत असे. आणि इथं, माझ्याच खोलीत, ही बाळापूरच्या रेडिओवाल्याची मुलगी एका यंत्राला बसवून सांगत होती की ही भाषा ज्ञानाची आहे, नीट शिक. त्याबद्दल तिचे उपकार मानायला मला कुठल्याच नाटकात वाक्य सापडलं नाही.

सर आले ते दुपारी. गोरे, उंच, कपाळावर नागनाथाचं भस्म. पत्नीच्या हातात प्रसादाचा पुडा. क्लासमध्ये पोरं श्वास रोखून भिंतीला टेकलेली. सोनाजी दारात, नवी टोपी.

सरांनी पडदा पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "तुम्ही तर हजारो गोष्टी कळवल्या होत्या. इथं फार थोड्या दिसतात."

"त्या काढल्या सर. खोट्या होत्या." आणि तिनं निबंधाची सगळी हकिकत सांगितली. गाळलं काही नाही.

सर खुर्ची ओढून बसले आणि स्वतःच टाइप करू लागले. खडकवाडी. पडद्यावर आलं: "नदी: नाही. पाणी: विहीर, टेकडीखाली. उन्हाळ्यात टँकर. सांगणारे: तिघे, वेगवेगळे. खात्री: पक्की." त्यांनी दुसरं एक गाव टाइप केलं, जिथलं कुणी बाजारात भेटलं नव्हतं. उत्तर आलं: "या गावाविषयी अजून वाचलेलं नाही."

"हे त्याला तुम्ही शिकवलंत?"

"व्हय सर. म्हणजे, हो."

"व्हयच म्हणा," सर म्हणाले. "त्याला कळतं ना आता." मग त्यांनी टाइप केलं, 'कुरुंद्यात काय मिळते?' यंत्र थोडं थांबलं, आणि ओळ उमटली: "हळद, केळी, खत, बियाणे, चांगला नवरा."

मी डोळे मिटले. हे रूपाबाईचं काम. 'आमच्या कुरुंद्यात चांगला नवरा मिळतो', असं कुरुंद्याची रूपाबाई माझ्यासमोर बसून आवेशात बोलली होती, आणि नुसत्या टिपणातलं तेही यंत्रानं हळदीच्या रांगेत नेऊन ठेवलं होतं.

सर हसायला लागले. भस्म घामात उतरेपर्यंत हसले. त्यांच्या पत्नीनं चष्मा नाकावर सरकवून ओळ वाचली आणि त्या गंभीरपणे म्हणाल्या, "यात चूक काय आहे? मिळत असेल."

हसू आवरल्यावर सर म्हणाले, "त्या दुसऱ्या मुलाचं यंत्र याच्या दसपट गोष्टी सांगतं. पण त्यातली कुठली गोष्ट कुणाकडून आली, हे त्याला विचारता येत नाही. तुमच्या यंत्राला येतं. चुकतं तेसुद्धा स्वतः वाचून चुकतं." मग सोनाजींकडं वळून म्हणाले, "जूनमध्ये पाठवा हिला पुण्याला. आणि हे प्रश्न विचारायचं काम तिथंही चालू ठेवायचंय, म्हणावं."

सोनाजींनी हात जोडले, आणि मग न राहवून विचारलं, "सर, तितं राहायला कुठं? पाणी कसं हाय?"

सगळा क्लास खो खो हसला. सर मात्र हसले नाहीत. "नळाला दोन वेळा येतं," ते म्हणाले. "वसतिगृहात टाकी आहे. उन्हाळ्यात थोडी ओढ असते, खोटं नाही सांगत."

संध्या जूनमध्ये पुण्याला गेली. पुढं तिच्या हाताखाली आणखी पोरं आली, यंत्रं मोठी झाली, आणि ती अजून फोन करते तेव्हा मला आधी एखादा शब्द विचारते, मग तब्येत. पण तिची आठवण निघाली की मला त्याच दुपारचं शेवटचं चित्र दिसतं. सरांची गाडी वळली, पोरं पेढे आणायला पळाली, सोनाजी ओसरीच्या पायरीवर डोळे पुसत बसले. संध्या आत गेली. मला वाटलं, पोर एकटीच रडत असेल, म्हणून मागोमाग गेले. ती यंत्रासमोर बसून त्या ओळीतला 'चांगला नवरा' खोडत होती.

"राहू दे की गं," मी म्हटलं. "त्यानंच तर जागा मिळवून दिली."

"न्हाई मावशी," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "एकट्या रूपाबाईनं सांगितलंय. अजून दोघीतिघींना विचारावं लागंल."

बाजार अजून उठला नव्हता. मी साडी नीट केली आणि ओसरीवर जाऊन बसले.